उजव्या डोळ्यातल्या माशा

नोएडा, ३ ऑगस्ट १९९७

अहो कोथरूडकर,

कार्ड मिळालं. 'विषय : पुण्यास येणेबाबत.' निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी बायकोला लिहितानासुद्धा तुमचा विषय आणि संदर्भ सुटत नाही. खाली 'प्रत माहितीसाठी' एवढंच लिहायचं राहिलं होतं. फोन करू नका असं मीच सांगितलं होतं, कारण फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो. तेव्हा पत्राला पत्र.

अक्षताला मी बजावलं होतं, बाबांना यातलं अक्षरही कळता कामा नये. पण लेक आपलीच, तिच्या पोटात काय राहणार! होय, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, ११ जुलैला. नव्या पद्धतीचं, बिनटाक्याचं, आत लेन्स बसवलेली. सकाळी गेले आणि जेवायला घरी आले. सोबत अश्लेषा होती. आमच्या ऑफिसातली नवी आर्किटेक्ट, दिल्लीत जन्मलेली मराठी मुलगी. डाव्या डोळ्यातही आहे मोतीबिंदू, पण तो अजून पिकायचाय, त्यामुळे त्या बाजूला कायमचं धुकं.

आधी का कळवलं नाही, असं विचारलंयत. कळवलं असतं तर जे लिहिलं असतंत ते आता लिहिलंयतच : 'डोळ्यांनीच कौल दिला आहे, तरी दिल्या शब्दाप्रमाणे निघावे.' 'कशी आहेस' हे दोन शब्द मी त्या कार्डावर उलटसुलट करून शोधले. सापडले नाहीत.

शब्द आठवतो मला. मे १९९४, निजामुद्दीन स्टेशन. तुमच्या होल्डॉलवर बसून मी म्हणाले होते, "ज्या दिवशी ड्रॉइंग बोर्डावरून मला उठावं लागेल, त्या दिवशी मुकाट्यानं पुण्याला येईन." मुकाट्यानं हा शब्द माझ्या तोंडून निघाला, यावरूनच तुम्हाला कळायला हवं होतं की मी रागात आहे. तुम्ही मात्र मान डोलावलीत आणि वाक्य फाइलला लावून टाकलंत.

तर कळवण्यास आनंद वाटतो की मी अजून बोर्डावर आहे. भसीनसाहेबांच्या करोल बागेतल्या ऑफिसात रोज दहा ते सहा, ट्रेसिंग पेपरवर शाईनं इमारतींचे नकाशे काढते आहे. तीस वर्षं ज्यांना तुम्ही रेघोट्या म्हणालात, त्यांच्यावर आता खरीखुरी घरं उभी राहतायत. गेल्या रविवारी बस पकडून वैशाली नावाच्या इथल्या नव्या वसाहतीत गेले. मी काढलेल्या बाल्कन्यांत बायका कपडे वाळत घालत होत्या. एकीनं तर वरून विचारलं, "किसको ढूँढ रही हो, बहनजी?" मी म्हटलं, कुणाला नाही. पन्नाशी उलटल्यावर हे बघायला मिळतंय, ते टाकून कोथरूडला येऊन मी काय करू? तुमच्या निवृत्त मित्रांना चहा?

डोळा उत्तम आहे. मोतिया रंगाची म्हणून नेसत होते ती साडी चक्क पांढरीशुभ्र निघाली. पांढऱ्या भिंतीकडे बघायला तेवढं नको वाटतं, पण ते काही विशेष नाही.

अजून बोर्डावर असलेली,
इंदुमती

नोएडा, १४ ऑगस्ट १९९७

अहो,

तुमच्या कार्डाची वाट न बघता लिहिते आहे, याचं आश्चर्य वाटू देऊ नका. घरात बोलायला कुणी नाही आणि समोरच्या मीनाक्षीताई माहेरी गेल्यात.

ऑफिसात आज तमाशा झाला. वैशालीच्या दुसऱ्या सोसायटीचं ट्रेसिंग खराब झालं. जिन्याशेजारी चार आण्याएवढं भोक. तीन आठवड्यांचं काम, आणि मंगळवारी मंजुरीसाठी दाखल करायचं होतं. प्रिंट काढायला तो रोल अश्लेषा घेऊन गेली होती, म्हणून भसीनसाहेब सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "हाथ हैं या हथौड़े?" पोरगी रडली. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काकू, बिल्कुल खरं सांगते, मी रोल उघडलापण नव्हता. दुकानात दिला, बस."

मी म्हटलं, पावसाळी हवेत कागद सादळतो, होतं असं. ती म्हणाली, हो ना. आणि नाक पुसत जागेवर जाऊन बसली.

एवढंच. उद्या सुट्टी आहे.

इंदुमती

नोएडा, १६ ऑगस्ट १९९७

अहो,

परवाचं पत्र अर्धं खोटं होतं. भोक मी पाडलं.

कसं ते सांगते, कारण तीस वर्षांत तुम्ही माझं काम कधी जवळून पाहिलेलं नाही. ट्रेसिंगवर शाईचा थेंब पडला की आम्ही दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेतो आणि तो ठिपका हलकेच खरवडतो. मग नखानं घासून कागद गुळगुळीत करायचा आणि पुढे जायचं. बुधवारी मला जिन्याशेजारी ठिपका दिसला. खरवडला. तो जरा डावीकडे दिसला. मनात म्हटलं, शाई पसरली वाटतं. तिथंही खरवडलं. मग तो पुन्हा पहिल्या जागी आला. आता मला राग आला, आणि माझा राग तुम्हाला माहीत आहे. ब्लेड आरपार गेलं तेव्हा ठिपका भोकाच्या मधोमध मजेत तरंगत होता. मी गुपचूप रोल गुंडाळला आणि पोरीच्या हातात दिला.

ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी हे सुरू झालं. उजव्या डोळ्यात काळ्या माशा. एक ठिपका, एक केसासारखा धागा, आणि एक कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा. डोळा फिरवला की त्या फिरतात, थांबवला तरी जरा पुढे वाहत जातात. तुम्हाला कळवलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही, कुणालाच नाही. सांगितलं की ते खरं होईल आणि मला बोर्डावरून उठवतील, अशी भीती होती. म्हणून एका निरपराध पोरीला शिव्या खाऊ दिल्या. मला माझीच लाज वाटते.

काल पंधरा ऑगस्ट. गच्चीवर गेले. तुम्हाला आठवतं ना, त्या दिवशी इथं आभाळ पतंगांनी भरलेलं असतं. मी वर पाहिलं आणि मला पतंग कुठले, माशा कुठल्या, काही कळेना. आजूबाजूची पोरं "वो काटा!" म्हणून नाचत होती आणि मी कठड्याला धरून उभी. तिथंच ठरवलं की हे असं लपूनछपून चालणार नाही.

आज सकाळी सगळ्यांसमोर भसीनसाहेबांना सांगितलं, "छेद मैंने किया. आँख में धब्बे आते हैं. अश्लेषा से माफ़ी माँगिए, पहले मैं माँगती हूँ." त्यांनी पेनाला टोपण घातलं. मग त्यांनी खरोखर तिची माफी मागितली. अश्लेषा म्हणाली, "काकू, तुम्ही मला आधी सांगायचं ना यार, मी तुमच्या नावावर ओरडा खाल्ला असता, पण माहीत असून खाल्ला असता." दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही म्हणाली. दुपारी मात्र तीच मला डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घालून तासभर बसवलं आणि आत पाहिलं. म्हणाल्या, "पर्दा ठीक है. ये तो सबको होते हैं, आंटीजी. अब आपका शीशा साफ़ हो गया, तो धूल दिखने लगी." डोळ्यात मागच्या बाजूला जेलीसारखं काही असतं, ते वयानं आकसतं, त्याचे धागे सुटतात आणि त्यांची सावली दिसते. यावर औषध नाही, सवय करायची. अचानक खूप ठिपके आले, विजा चमकल्या किंवा बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं, तर मात्र त्याच क्षणी धावत यायचं. मी विचारलं, काम? त्या म्हणाल्या, कीजिए, किसने रोका है.

ऐकलंत? किसने रोका है.

इंदुमती

नोएडा, ११ सप्टेंबर १९९७

अहो कोथरूडकर,

तुमचं कार्ड : 'विषय : डोळ्यातील ठिपक्यांबाबत. पुण्यात तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध आहेत. सबब...' त्या 'सबब'च्या पुढचं मी वाचलं नाही.

मी सवय करते आहे. सवय म्हणजे डोळे मिटून सोसणं, असा तुमचा समज असेल तर तो चुकीचा आहे. मी त्यांच्याशी रीतसर लढते. पहिल्यांदा नावं ठेवली. मोठ्या ठिपक्याचं नाव 'वन्सं', कारण मी कामाला बसले की ती नेमकी समोर येऊन बसते. तुमच्या बहिणीला सांगू नका. किंवा सांगा, मला काय.

ट्रेसिंगच्या खाली पिवळसर कागद लावते, म्हणजे पांढरा झगझगाट कमी होतो. दिव्याचं तोंड भिंतीकडे फिरवलंय. आणि ठिपका दिसला की ब्लेड उचलायच्या आधी त्याच्याशेजारी बोट ठेवायचं, डोळा वर, खाली, पुन्हा वर. बोटापाशीच राहिला तर तो कागदाचा, सरकला तर माझा. फाटलेली शीट मी अकरा दिवसांत पुन्हा काढली. भसीनसाहेबांनी भिंगातून पाहिली आणि सही करून पुढे पाठवली.

फजिती होतेच. सोमवारी चार्टर्ड बसमध्ये खिडकीशी बसले होते. 'वन्सं' आल्या, मी सवयीनं हातानं माशी हाकलली. समोरच्या बाकावरचे सरदारजी दचकले, मग हात जोडून म्हणाले, "नमस्ते जी!" आता रोज नमस्कार करतात. काल त्यांनी जागाही धरून ठेवली होती. तेव्हा माशांमुळे माझं काही नुकसानच झालंय असं समजू नका.

इकडे पुण्यामुंबईची पोरं आली आहेत कॉम्प्युटरच्या कंपन्यांत, सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या गणपतीला भेटली. एकजण म्हणाला, "काकू, या वयात जॉब? काका पुण्यात? अच्छा..." त्या 'अच्छा'तलं सगळं मला ऐकू आलं. मी म्हटलं, हो बाळा, काकांना झेपलं नाही, ते गेले.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगून टाकते : डोळ्यापुढे सतत काहीतरी हलत असतं तेव्हा चिडचिड होते. आंघोळीच्या बादलीत दिसतं, दुधात दिसतं, भातावर दिसतं. एकदा मी भाताची मूद टाकून दिली. पण उठणार नाही.

बोर्डावर ठाण मांडून बसलेली,
इंदुमती

नोएडा, ९ ऑक्टोबर १९९७

अहो,

आज तुम्ही जिंकलात. शांतपणे वाचा, कारण असं मी पुन्हा लिहिणार नाही.

गुडगावला एक चारमजली इमारत आहे आमची. जागेची मोजणी करणाऱ्यानं दिलेल्या कागदावरून मी मूळ नकाशा उतरवून घेतला. त्या कागदावर आग्नेय कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ होतं, आत ठिपका. तिथं जुन्या गटाराचं मॅनहोल आहे, अशी ती खूण. मला ते दिसलं. शपथेवर सांगते, दिसलं. पण मी तोवर इतकी तयार झाले होते की बोट ठेवून बघायचं सोडून दिलं होतं. मनात म्हटलं, ही माझीच माशी, आणि पुढे गेले. माझ्या नकाशाच्या भरवशावर तिथं खांब आला. काल मजुरांनी खड्डा खणला आणि पहार लोखंडी झाकणावर आदळली.

कुणाला लागलं नाही. खांब सरकवावा लागेल, सगळं पुन्हा मोजावं लागेल. पण पहार जरा जोरात बसली असती आणि खाली माणूस असता तर, हा विचार काल रात्रभर डोक्यातून गेला नाही. ऑगस्टमध्ये जे नव्हतं ते खरवडलं, आता जे होतं ते सोडलं.

भसीनसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या टेबलापाशी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "इंदुजी, बोर्ड अब रहने दीजिए. ऑफ़िस आपका है, आते रहिए, फ़ाइलें देखिए." दुपारी कुणीतरी माझा बोर्ड उचलून भिंतीशी उलटा लावून ठेवला. मी त्याच्याकडे पाठ करून फाइलींना नंबर घातले.

आणि आजच संध्याकाळी तुमचं पाकीट आलं. २४ नोव्हेंबरचं पुण्याचं तिकीट, खालचा बर्थ. माझे गुडघे लक्षात ठेवून तुम्ही खालचा मागून घेतलात, हे पाहून मला रडू आलं. लपवायचं कशाला.

शब्द म्हणजे शब्द. बोर्डावरून उठले. एक बॅग वरून काढून पुसून ठेवली आहे.

पण जायच्या आधी विचारतेच. तेहतीस वर्षांत तुम्ही मला कुठं आहेस, किती वाजता येणार, मीठ कुठं ठेवलंयस, हे सगळं विचारलंत. तुला काय दिसतं, हे कधी विचारलं नाहीत. आणि चौऱ्याण्णव साली तुम्हाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळत होती. ती नाकारून, सरकारी क्वार्टर महिन्याभरात रिकामं करून, इतक्या घाईनं का पळालात? पेन्शनीत पुणं बरं, एवढंच म्हणालात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

इंदुमती

नोएडा, २८ ऑक्टोबर १९९७

अहो,

बॅग परत वर ठेवली आहे. का ते वाचा.

गेल्या मंगळवारी अश्लेषा जेवायला खाली गेली होती. मला एक फाइल हवी होती म्हणून तिच्या टेबलाशी गेले. तिथं तो कॉम्प्युटर. ज्या खोक्याला मी तीन वर्षं नावं ठेवली, 'त्याच्या रेघेत जीव नाही' म्हणून चारचौघांत नाक मुरडलं, तोच. पडदा काळाभोर, त्यावर हिरव्या-पिवळ्या बारीक रेघांत एक मजला काढलेला. जिना चुकलाय का म्हणून मी बघायला लागले. बघता बघता पाच मिनिटं गेली, आणि लक्षात आलं की मधे कुणी येत नाहीये. ना धागा, ना जाळं, ना 'वन्सं'.

मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिघीही हजर. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कुणी नाही. काळ्यावर काळी माशी दिसणार कशी! मी एकटीच मोठ्यानं हसले. अश्लेषा जिना चढून आली ती दारातच थबकली. "काकू, तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटलं, बस इथं, आणि मला हे शिकव. ती म्हणाली, "सच्ची? चलो!" आणि खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

भसीनसाहेब म्हणाले, "इस उमर में, इंदुजी?" मी म्हटलं, "उमर तो वैसे भी बढ़ेगी, सीखूँ या न सीखूँ." जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर जमलं तर काम, नाहीतर फाइली.

जमेल असं मी म्हणत नाही. कोंबडी दाणे टिपते तशी एकेका बोटानं मी बटणं दाबते. परवा एका चुकीच्या बटणानं आख्खा दुसरा मजला गायब केला. काल साडेतीन तास वीज नव्हती. माउस म्हणतात ती वस्तू माझ्या हातात थरथरते; पेन कधी थरथरलं नव्हतं. विशीतली पोरं माझ्या मागून जाताना पावलं हळू करतात, ते मला कळतं. पण एक चांगलं आहे. इथं ठिपका मोठा करून बघता येतो, ताटाएवढा. कागदावर मला हे कुणी करू दिलं असतं तर गुडगावचा खड्डा झाला नसता. शनिवारी मी असाच एक जिना मोठा करून पाहिला. वरच्या वळणावर उंच माणसाचं डोकं आपटणार होतं. पोरांनी तीन वेळा तपासलेला नकाशा होता तो. त्यांचे डोळे स्वच्छ आहेत हो, पण बघायचं कुठं ते अजून माहीत नाही.

आता प्रश्न आपल्या शब्दाचा. तुम्ही म्हणाल, बोर्डावरून उठलीस, विषय संपला. खरं आहे. अजून मी ठरवलेलं नाही. तिकीट टेबलावर आहे, त्यावर लाटणं ठेवलंय, उडू नये म्हणून.

माझ्या मागच्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही. दिवाळीचं कार्ड आलं, शुभेच्छा पोचल्या. उत्तर हवं आहे.

इंदुमती

नोएडा, १९ नोव्हेंबर १९९७

अहो मुरलीधर,

होय, नाव घेतलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि लिहून. आज मला तो हक्क आहे.

तुमचं पत्र आलं. पहिल्यांदाच त्यावर विषय नव्हता, म्हणून मी बसून वाचलं. मग उभं राहून वाचलं. मग मीनाक्षीताईंकडून चहा पिऊन येऊन परत वाचलं. तुमचीच वाक्यं तुम्हाला लिहून दाखवते, म्हणजे ती कशी दिसतात ते कळेल : 'सदर ठिपके मलाही दिसतात. १९९३ च्या हिवाळ्यापासून, दोन्ही डोळ्यांना. दृष्टी जाणार असे वाटले. दिल्लीत एका आंधळ्याचे ओझे तुझ्यावर नको, पुण्यात भाऊ आहे, म्हणून निघालो. पुढे डॉक्टरांनी काळजीचे कारण नसल्याचे सांगितले. तुला कळवण्याचे राहून गेले.'

राहून गेलं! दुधाचं कूपन आणायचं राहून जातं. गॅस बंद करायचा राहून जातो. नवऱ्याला वाटलं आपण आंधळे होणार, म्हणून तो बायकोला सोडून गेला, आणि हे तिला सांगायचं चार वर्षं राहून गेलं?

मी इथं तीन वर्षं लोकांचं 'अच्छा' ऐकत बसले. मला वाटलं, माझ्या रेघोट्या तुम्हाला सहन झाल्या नाहीत. मला वाटलं, माझ्याहून पुणं जवळचं. एकदा तर वाटलं, तिथं कुणी आहे. हसू नका, वाटलं. आणि तुम्ही तिकडे त्याच तीन माशा बघत बसला होतात. एकटे.

बरं, डॉक्टरांनी काही नाही म्हटल्यावर तुम्ही काय केलंत? पेपर वाचायचे सोडलेत? शब्दकोडं सोडलंत? भावाच्या स्कूटरवर मागे बसून मंडईत जायचं सोडलंत? अक्षता सांगते, रोज सकाळी दोन पेपर, अग्रलेखांवर पेन्सिलीनं खुणा. म्हणजे तुमच्या डोळ्यातल्या माशांसकट तुमचं आयुष्य चालू. आणि माझ्या डोळ्यात त्याच आल्या, तर 'डोळ्यांनी कौल दिला'! स्वतः ज्याला काही नाही म्हणालात, त्याच कारणानं मला बोर्डावरून उठवून गाडीत बसवत होतात.

तेव्हा ऐका. मी शब्द दिला होता, तो खरा होता. बोर्डावरून उठले, तेही खरं आहे. शब्दाप्रमाणे मी २४ तारखेला गाडीत असायला हवं. नसेन. कुठली पळवाट काढत नाही, काळा पडदा म्हणजेही बोर्डच असा वकिली मुद्दा मांडत नाही. मी शब्द मोडते आहे. मोडणारी मी, इंदुमती, वय सत्तावन्न. पुण्यात कुणी विचारलं तर असंच सांगा, माझं नाव घेऊन.

जानेवारीत भसीनसाहेब काय म्हणतील, माहीत नाही. कदाचित फाइलींना नंबर घालत बसेन. डावा डोळा पिकला की त्याचंही ऑपरेशन आहे, तिकडूनही माशा येतील. येऊ देत. नावं तयार ठेवली आहेत.

राग आहे, आणि तो एका पत्रात जाणारा नाही. पण एक गोष्ट रागाच्या खाली आहे, ती लिहिते. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात तुम्ही रोज संध्याकाळी बाल्कनीत दिवा न लावता बसायचात. मी म्हणायचे, काय अंधारात बसता. तुम्ही म्हणायचात, असंच. मी दिवा लावून आत जायचे. तेव्हा तुम्ही अंधार होऊन माशा दिसेनाशा व्हायची वाट बघत होतात, हे आज कळलं. मीही विचारलं नव्हतं, तुम्हाला काय दिसतं म्हणून. तेवढं माझ्या पदरात घाला.

तिकीट सोबत जोडलं आहे. रद्द करा. हवं तर उलट दिशेचं काढा, पुणे ते निजामुद्दीन, एकाचं, तुमचं. राहायला या किंवा भांडायला या, दोन्हीला घरात जागा आहे. स्टेशनवर मी येणार नाही, त्या वेळी मी कामावर असते. किल्ली मीनाक्षीताईंकडे ठेवली आहे. तांदूळ खालच्या डब्यात आहेत, कुकरची शिटी जरा दाबून बसवावी लागते. मला यायला सात वाजतात. तोवर भात टाकून ठेवा.

इंदुमती